रिकाम्या गावातली शिट्टी

सुभद्राला प्रश्न विचारायची खोड होती. खानावळ चालवणाऱ्या बाईला ही खोड शोभते, कारण भरल्या पानावरून उठून पळणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. खोलवणच्या तिठ्यावर, कट्ट्याहून येणारी एसटी जिथं वळते, तिथं तिची खानावळ. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची. तिसऱ्यांचं सुकं वाढता वाढता ती कंडक्टरच्या सासऱ्याच्या दुखण्यापासून तलाठ्याच्या मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं काढून घ्यायची. गाव तिला पाठीमागं 'चौकशी कचेरी' म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यामुळे गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, गॅसचं केंद्र येणार अशी बातमी आली, तेव्हा बाकीचा गाव भडकला आणि सुभद्रा मात्र आधी चकित झाली. बोटीतून गॅस येणार, तोही पातळ करून. सड्यावरच्या देवळाएवढ्या टाक्यांत तो साठवणार आणि नळांतून पुढं कुठं कुठं नेणार. पण गॅस पातळ होतो कसा? तिला चैन पडेना. विरोध समितीचा पुढारी सर्वेश तिच्या चुलतभावाचा मुलगा. तो मुद्दाम येऊन बजावून गेला, "आत्ये, कंपनीच्या माणसांका जेवण घालू नको हां."

"जेवण घालतंय, सडो नाय देत," ती म्हणाली. "आणि मगे विचारूचा कोणाक? तुका म्हायत आसा, गॅस पातळ कसो करतत?"

सर्वेशला माहीत नव्हतं. तो चहा पिऊन गेला.

कौस्तुभला माहीत होतं. हा कंपनीचा सुरक्षेचा इंजिनिअर, पुण्याचा, वयानं पोरगेलाच. सोलकढी पिताना डोळे मिटायचा, त्यामुळे सुभद्राला आवडायचा. विचारलेल्या प्रश्नाला तो न कंटाळता उत्तर द्यायचा, त्यामुळे अधिकच आवडायचा.

"काकी, इतका गार करतात की त्याचं पाणी होतं. आपल्या फ्रीजची थंडी त्याच्यापुढं काहीच नाही."

"आणि गळला तर वास येईल ना? सिलिंडरचा येतो तसा?"

"तो वास मुद्दाम घातलेला असतो. मूळ गॅसला वास नाही, रंग नाही."

सुभद्राच्या हातातला डाव हवेतच राहिला. जन्मभर ती ज्याला गॅसचा वास म्हणत आली, तो गॅसचा नव्हताच! "मग गळला हे कळणार कसं?"

"यंत्रं असतात. ती ओळखतात आणि भोंगा वाजतो. मग लोकांनी बाहेर पडायचं."

"गळलेला गॅस वर जातो की खाली येतो?"

"गार असतो तोवर जमिनीलगत पसरतो. तापला की मग वर जातो."

सुभद्रानं दारातून सड्याकडं पाहिलं. मग सड्याच्या पायथ्याशी माडांत बुडालेल्या आपल्या गावाकडं पाहिलं. वरून ओतलेलं पाणी कुठं येईल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

आणि भीती वाटली की सुभद्राची जीभ जास्तच सुटते. कौस्तुभ आपली अडचण सांगत होता. गाव म्हाताऱ्यांचा, रस्ते अरुंद, वेळ आली तर हा गाव रिकामा कसा करायचा, हे वरची माणसं त्याला विचारत होती. सुभद्रा उसळून म्हणाली, "गाव रिकामा करणं आमच्याकडून शिका! आमची गावपळण ऐकली नाही तुम्ही?"

त्यानं ऐकली नव्हती. मग काय, तिनं त्याला साग्रसंगीत ऐकवली. दर काही वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. त्या दिवसांत गावात देव आणि पूर्वज नांदतात, म्हणून मागं चिटपाखरू राहता कामा नये. व्हाळापलीकडं, म्हणजे वेशीवरच्या ओढ्यापलीकडं, माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून सगळे राहतात आणि पुन्हा कौल मिळाला की परततात. "एक माणूस मागं राहत नाही," सुभद्रा म्हणाली. छाती फुगली होती तिची. कौस्तुभ जेवायचा थांबला होता.

पुढच्याच महिन्यात सर्वेश सरकारी जनसुनावणीसाठी कंपनीनं केलेला अहवाल घेऊन आला आणि खानावळीत उभ्या उभ्या त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचता झाला. 'या गावास संपूर्ण गाव रिकामा करण्याची पिढीजात सवय असून, एकही व्यक्ती मागे राहत नाही.'

"बघ आत्ये, आमचीच पळण आमच्याच गळ्यात घातल्यानी! लोकांच्या जिवाक धोको आसा असा आमी सुनावणीत म्हणतलंव, आणि ते म्हणतले, धोको खंयचो, ह्यांका धावूची सवय आसा. ह्यां सांगल्यान कोणी त्यांका?"

सुभद्रा चुलीकडं तोंड करून मासे परतत राहिली. कढईतले बांगडे आधीच झाले होते, तरी परतत राहिली. आपल्या तोंडानं आपण गाव विकला, असं तिला वाटलं. सुनावणीआधी हे वाक्य कसंही करून मागं घ्यायला हवं होतं, आणि ते खोटं नसेल तर मागं घेणार कसं, हे तिला कळत नव्हतं.

योग असा की त्याच वर्षी मार्गशीर्षात पळणीचा कौल झाला. गावात धांदल उडाली. धोंडू गावकर या सगळ्याचा मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि त्याचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे. दिवस ठरले, झाप विणले, खुंट रोवले, तांदूळ दळले, म्हाताऱ्यांना आधीच गाडीत घालून नातेवाइकांकडं पोचवलं. धोंडूची बायको विमला गेल्या पावसापासून अंथरुणाला खिळलेली, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. तिला सुनेबरोबर कोल्हापूरला लेकीकडं धाडलं, असं धोंडूनं सांगितलं.

सुभद्राच्या मनात तिथंच एक प्रश्न आला. विमलावहिनी धडधाकट होती तेव्हाही फोंडाघाटाच्या पहिल्या वळणाला उलटीसाठी पिशवी मागायची. आता अख्खा घाट तिनं पडून कसा काढला असेल? पण गडबडीत प्रश्न तसाच राहून गेला.

पळणीच्या दिवशी ढोल वाजला आणि गाव निघाला. कौस्तुभ परवानगी घेऊन वेशीबाहेर उभा होता, खांद्यावर ड्रोनची पेटी. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्यांच्या डालग्या, दावं ओढणाऱ्या म्हशी, असा गाव त्याच्यासमोरून गेला. तो लहान मुलासारखा बघत होता. "काकी, कमाल आहे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सुभद्राला त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा दोघी शेजारणींबरोबर व्हाळावर पाणी भरत होती. पलीकडं गाव. ना कुत्रं, ना कोंबडा, ना मोटारपंप. इतकी शांतता की माडावरून सुकं झावळ पडलं तरी दचकायला होत होतं. आणि त्या शांततेत गावातून शिट्टी आली. लांब, सणसणीत.

शेजारणींच्या हातून कळशा सुटल्या. "देवचार गो बाय!" एक म्हणाली. दुसरीनं हात जोडले. देवचार म्हणजे गावाचा राखणदार, तो फेरी मारताना शीळ घालतो असं लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं. दोघी पदर सावरत झोपड्यांकडं पळाल्या.

सुभद्रा पळाली नाही. खानावळवाल्या बाईला ती शीळ पुरेपूर ओळखीची होती. देवचाराकडे कुकर खंयचो?

रिकामा गाव दिसतो कसा, हा प्रश्न तिला परकर नेसायची तेव्हापासून छळत आला होता. आजीला विचारलं तर आजीनं पाठीत धपाटा घातला होता. आता उत्तर समोर होतं, फक्त व्हाळ ओलांडायचा होता. तिनं रवळनाथाच्या दिशेनं हात जोडले. "देवा, फक्त बघूक जातंय," म्हणाली आणि पाण्यात उतरली.

गाव तोच होता आणि नव्हताही. अंगणं सारवलेली, दारांना कड्या, तुळशीपुढं रांगोळी घालणारी बोटं जणू आत्ताच उठली होती. तिच्या खानावळीच्या बाकावर एक मुंगूस ऐसपैस बसलं होतं, गिऱ्हाईक असल्यासारखं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पण जागा सोडली नाही. सुभद्राला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. आपण नसलो तरी गाव असतो, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

धोंडूच्या घराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच सून दिव्या किंचाळली आणि तिच्या हातातलं भाताचं भांडं कलंडलं. माजघरात बाजेवर विमला पडली होती. मोठ्या हाडापेराची बाई, तशीच्या तशी. फक्त एक हात आणि जीभ चालत होती.

"ये गो सुभद्रा," विमला म्हणाली, शेजारीण दुपारची टेकायला आल्यासारखी. "तुझीच वाट बघी होतंय. तू नाय इलंस तर कोण येतला?"

दिव्या रडायला लागली. "आत्यानू, कोणाक सांगू नको गो. चुलीचो धूर दिसात म्हणान गॅसवर भात लावलंय, आणि शिट्टी... माझ्या ध्यानातच नाय इली."

"कोल्हापूर?" सुभद्रानं विचारलं.

"खंयचा कोल्हापूर! माका बाजेवरसून गाडीत घालूक चार जण होये. पाणंदीत बाज वळणा नाय आणि पायऱ्यांवर चौघे मावणत नाय. मालवणात डागतराकडे नेल्यानी तेव्हा आमचो पोरगो देवेश पायरीवरसून घसरलो, अजून लंगडता. मगे घोव म्हणालो, तू रव. मिया देवाचा बघतंय." विमला थोडा वेळ वर वाशांकडं बघत राहिली. "लोक म्हणतत, देव येतत म्हणान गाव खाली करूचो. कालपासून वाट बघतंय. देव इलो तर सांगतलंय, बाबा, इलंस तसो माका जरा कुशीक कर. पाठ जळता."

सुभद्रा आणि दिव्यानं मिळून तिला कुशीवर वळवलं. दोघींना घाम फुटला. पाठीला लाल चट्टे होते. सुभद्रानं खोबरेल लावलं, आणि लावताना तिला कळलं की आपल्याला उत्तर सापडलं आहे आणि ते आपल्याला वापरता येणार नाही. हे सांगितलं तर कंपनीचं वाक्य खोटं पडेल. पण गावाला वेशीबाहेर काढणाऱ्या धोंडूची बायकोच वेशीच्या आत होती, हेही त्याच तोंडानं सांगावं लागेल. धोंडू परत देवळाची पायरी चढू शकला नसता.

परत जाताना तिला व्हाळाकाठी कौस्तुभ भेटला. तो छोट्या पडद्यावर सकाळी टिपलेला गाव बघत होता. कौलं, माड, मोकळ्या वाटा. "पाहा काकी, एक जीव दिसत नाही."

"तुझ्या ड्रोनला कौलांच्या आतलं दिसतं?" तिनं विचारलं.

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

गाव परतला तेव्हा देवळासमोर धोंडूनं गाऱ्हाणं घातलं. सगळे डोळे मिटून उभे होते. सुभद्राचे उघडे होते, आणि कान तर कायमच उघडे.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकुमान लेकरां भायर इली..."

"व्हय म्हाराजा!"

"जी इली त्यांका सांबाळ. जी काय कारणान रवली, त्यांकाय पदराखाली घे..."

"व्हय म्हाराजा!"

सुभद्रा चमकली. हे दुसरं वाक्य गाऱ्हाण्यात कधी नसायचं. धोंडूनं ते मध्येच सरकवलं होतं. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. त्या वाक्याला गावानं दिलेला होकार नेहमीपेक्षा मोठा होता. काहींचा तर आवाज कापत होता. का बरं, हा प्रश्न तिनं घरी नेला आणि बरेच दिवस त्याच्याशी खेळत बसली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती धोंडूकडं गेली. तो पडवीत सुपारी सोलत होता. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"भावजीनू, विमलावहिनीक बघून इलंय मी. पळणीत."

धोंडूचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "म्हायत आसा. तिना सांगल्यान."

"उद्या ते म्हणतले, सगळो गाव गेलो. मिया काय बोलू?"

"मिया देवाक सांगलंय," धोंडू म्हणाला. "सायबाक सांगूचा काय नाय, तां माका समाजना नाय. गावचो मान माझ्या हातात दिलेलो आसा, सुभद्रा. तो माझो एकट्याचो नाय." तो पुन्हा सुपारी सोलू लागला, आणि सुभद्रानं आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न गिळला.

सुनावणी हायस्कूलच्या मैदानावर झाली. मांडवाखाली अख्खा गाव. टेबलामागं अधिकारीण बाई, बाजूला कंपनीची माणसं आणि मोठा पडदा. सर्वेश तावातावानं बोलला, टाळ्या मिळाल्या. मासेमारीचं बोलणं झालं, दम्याच्या पोरांचं झालं. मग कौस्तुभ उठला. त्यानं पडद्यावर पळणीचं चित्रण लावलं. आपला गाव वरून बघून लोक हरखले, पोरांनी आपापली घरं ओळखून आरडाओरडा केला. कौस्तुभ मनापासून बोलत होता. असा शिस्तीचा गाव आपण कुठं पाहिला नाही, म्हणाला. मांडवातल्या माना नकळत ताठ झाल्या. हीच तर पंचाईत होती.

सुभद्रा उठली. तिनं माईक हातात घेतला.

"बाईसाहेब, हे सगळं मीच यांना सांगितलं होतं. माझ्या खानावळीत." मांडवात कुजबुज झाली. सर्वेशनं डोक्याला हात लावला. "आता मला विचारायचं आहे. देव आम्हाला आधी कौल देतो. आम्ही झोपड्या बांधतो, म्हातारी माणसं पोचवतो, मग निघतो. तुमचा गॅस किती आधी कौल देणार?"

हशा पिकला. कौस्तुभही हसला, पण लगेच सावरला. "भोंगा लगेच वाजेल, काकी. आणि तुम्हाला सराव आहे. मागच्याच महिन्यात सगळे बाहेर पडलात की नाही? सगळे?"

सुभद्रानं तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं. तिनं धोंडूकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती माईककडं पाहत राहिली. बोलली मात्र नाही. चौकशी कचेरी गप्प झालेली गावानं कधी पाहिली नव्हती. हशा आपोआप विरला.

मागून काठीचा आवाज आला. धोंडू गावकर उठला होता. माईक त्यानं घेतला नाही, त्याला त्याची गरज कधीच नव्हती.

"नाय," तो म्हणाला. "सगळे नाय. माझी बायल घरात होती."

पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून पाहिलं.

"तिका उचलून पायऱ्यो उतरूक जमणा नाय. मिया गावाक खोटा सांगलंय, कोल्हापूराक गेली म्हणान. देवाक खरा सांगलंय. आता तुमकाय सांगतंय." त्याची मान खाली गेली. "गावान माझो मान काढून घेवचो असात तर घेवचो."

सुभद्राला वाटलं, आता कोणीतरी त्याच्या अंगावर धावून जाईल. आणि एक बाई उठलीच, खालच्या वाडीची विनीता. तिचा थोरला मुलगा जन्मापासून उभा राहू शकत नव्हता.

"माझो झीलव घरातच होतो," ती म्हणाली. "झोपडेत तो आरडता. मिया रोज दुपारी व्हाळ पार करून जाय होतंय. माका वाटला, मिया एकटीच पापी."

पाठोपाठ गंगाराम उठला. त्याच्या बापाला श्वासाचं यंत्र लागतं आणि व्हाळापलीकडं वीज नाही. मग आणखी कोणी. मग बांधावरची शर्मिला, जिची गाय त्याच दिवशी विणार होती आणि जी गोठ्यात लपून बसली होती. तिच्यावर मात्र थोडं हसू फुटलं. रडणाऱ्यांनीही हसून घेतलं. सुभद्राला गाऱ्हाण्यातला तो मोठा होकार आठवला. तिचा प्रश्न सुटला. कोणाच्या ना कोणाच्या दाराआड कोणीतरी राहिलं होतं, आणि जो तो समजत होता की आपल्याच घरचा जीव तेवढा गावाला बाटवतो आहे. तिला धोंडूची आणि सगळ्यांचीच इतकी माया आली की माईक हातात घेऊन ती तशीच रडत उभी राहिली.

अधिकारीण बाईंनी चष्मा काढून पुसला. अहवालातला गाव रिकामा करण्याचा हा भाग घरोघरी जाऊन नव्यानं करावा, तोवर पुढं काही होणार नाही, असं त्यांनी नोंदवून घ्यायला सांगितलं. केंद्र रद्द झालं नव्हतं. पण ते वाक्य मेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ खानावळीत आला. सोलकढी तशीच ठेवून बसला. "काकी, मला दाखवाल?" एवढंच म्हणाला.

ती त्याला पाणंदीतून घेऊन गेली. दोघांना शेजारी शेजारी चालता येत नव्हतं. चिऱ्याच्या पायऱ्या चढताना तो प्रत्येक वळणावर थांबून मागं बघत होता. माजघरातल्या अंधारात डोळे सरावेपर्यंत तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"कोण इलो गो?" बाजेवरून विमलानं विचारलं.

"कंपनीचो इंजिनेर, व्हनी."

"असो काय? माका वाटला देव इलो. बरा तर बरा." विमलानं चालता हात पुढं केला. "ये रे बाबा. माका जरा कुशीक कर."

कौस्तुभनं चपला काढल्या आणि वाकून तिच्या पाठीखाली हात घातले. जोर लावला. काही हललं नाही. दिव्यानं एका बाजूनं धरलं, सुभद्रानं दुसऱ्या, तेव्हा कुठं विमला वळली. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या पातळावर पडला. त्याचे हात अजून तिच्याखालीच होते. तिनं मान कलती करून त्याच्याकडं पाहिलं, अगदी कुतूहलानं.

"आता समज, तुझो भोंगो वाजलो," ती म्हणाली. "खंय नेतलंस माका?"

कौस्तुभनं उघड्या दारातून पायऱ्यांकडं पाहिलं. त्यानं हात सोडले नाहीत, आणि त्याला पाऊलही उचलता आलं नाही.